बिट चालतंय किती, झिजतंय किती

उन्हाळा लागला की गावोगाव बोअरच्या गाड्या फिरू लागतात. आमच्या गल्लीत एका उन्हाळ्यात दोन बोअर झाले, दोन्हींत अंतर जेमतेम शंभर फूट. पहिल्या घरी दुपारी गाडी लागली आणि दिवेलागणीला दोनशे फूट पार झाले. दुसऱ्या घरी तीच गाडी, तीच माणसं, पण तेवढ्याच खोलीला दीड दिवस गेला आणि मध्येच बिट, म्हणजे दगड फोडणारं पुढचं टोक, बदलावं लागलं. दुसऱ्या घरच्या काकांची खात्री झाली की आपल्याला फसवलं. गाडीवाल्याचं म्हणणं एकच होतं, "काका, दगड कडक हाय, आम्ही काय करणार?"

दोघांचं भांडण खरं तर 'कडक' या शब्दावरून होतं. या एका शब्दात दगडाचे तीन-चार वेगवेगळे गुण आपण कोंबून ठेवलेत, आणि ते गुण नेहमी एकाच दिशेला ओढत नाहीत. छिद्र किती वेगाने पडेल हा एक प्रश्न, आणि छिद्र पाडणारं हत्यार किती झिजेल हा दुसरा. झटपट फुटणारा दगड हत्यार खाऊन टाकू शकतो आणि चिवट दगडात हत्यार बराच काळ टिकू शकतं.

काकांच्या बोअरमध्ये हा प्रश्न काही हजार रुपयांचा असतो. मुंबईत मेट्रो-३ च्या साडेतेहतीस किलोमीटर मार्गासाठी १७ बोगदा-यंत्रं जमिनीखाली उतरवली गेली, कोस्टल रोडचे जोडबोगदे १२.१९ मीटर व्यासाच्या 'मावळा' यंत्राने खोदले. तिथे याच दोन प्रश्नांचा अंदाज चुकला तर हिशेब कोटींत जातो.

छिद्र पडतं म्हणजे नेमकं काय होतं?

आपल्याला वाटतं, बिट दगडात गिरमिटासारखं शिरतं. बोअरच्या गाडीवर तसं होत नाही. बिटच्या तोंडावर टंगस्टन कार्बाइड या अतिकठीण पदार्थाची गोलसर बटणं बसवलेली असतात. बिटच्या मागे, छिद्राच्या आतच, हॅमर असतो. कॉम्प्रेसरची हवा त्याला चालवते आणि तो मिनिटाला हजारावर ठोके मारतो. प्रत्येक ठोक्याला बटणाखालच्या दगडाची आधी भुकटी होते. त्या भुकटीतून दाब आजूबाजूला पसरतो, बारीक तडे जातात, आणि दोन तडे एकमेकांना किंवा पृष्ठभागाला भेटले की कपची उडते. मग बिटला धरणारा लांब रॉड थोडा फिरतो, बटणं नव्या जागी येतात, पुन्हा ठोका. सुटलेला चुरा हवेबरोबर वर येतो.

म्हणजे खरी कमाई कपच्यांची, भुकटी हा खर्च. गिरणीत लापशीसाठी गहू भरडायला थोडा वेळ लागतो, तेच गहू मैद्यासारखे बारीक करायचे तर गिरणी कितीतरी जास्त वेळ चालवावी लागते. दगडाचंही तसंच. एक घनफूट दगड जाड कपच्यांच्या रूपात बाहेर आला तर डिझेल कमी जळतं, पिठासारखा आला तर जास्त. आर. टील यांनी १९६५ मध्ये हा हिशेब सूत्रात मांडला: एवढा दगड काढायला एकूण ऊर्जा किती लागली? त्याला विशिष्ट ऊर्जा म्हणतात. गंमत अशी की खोदकाम उत्तम चालू असताना हा आकडा दगडाच्या दाब सोसण्याच्या ताकदीच्या आसपास येतो. तो फार वर गेला की समजायचं, आपण दगड फोडत नाही, नुसता दळत बसलोय.

त्यामुळे बोअर चालू असताना तोंडाशी साचलेला ढीग चिमटीत धरून पाहावा. जाडसर कण येत असतील तर बिट कामावर आहे. टाल्कम पावडर येत असेल तर दगड तरी बदललाय, बिट तरी बोथट झालंय.

चिक्की आणि नरम गूळ

दगडाचा पहिला गुण म्हणजे दाब सोसण्याची ताकद. ती मेगापास्कलमध्ये मोजतात. एक मेगापास्कल म्हणजे एका चौरस सेंटीमीटरवर साधारण दहा किलोचं वजन. घराच्या स्लॅबचं एम-२५ काँक्रीट २५ मेगापास्कलचं. आपला भरीव काळा पाषाण १५० ते २५० मेगापास्कलच्या घरात सहज जातो.

पण ताकदीवरून वेग ठरवायला गेलो तर फसतो, कारण दुसरा गुण आडवा येतो: ठिसूळपणा. लोणावळ्याची चिक्की दातांना कडक लागते, पण बत्त्याचा एक ठोका दिला की खळ्कन तुकडे. नरम गुळाच्या ढेपेत बोट रुततं, पण त्यावर ठोका मारला तर खळगा पडतो आणि बत्ता चिकटतो. ठोके मारणाऱ्या यंत्राला चिक्की आवडते. खनिजांचे कण एकमेकांत घट्ट विणलेले चिवट दगड मात्र ठोका गिळतात, तडा पुढे जाऊ देत नाहीत. ताकदीचा आकडा सारखाच असलेल्या दोन दगडांत वेगाचा मोठा फरक पडतो तो इथे.

पालेभाजीतली कचकच

झिजेची गोष्ट या दोन्हींहून निराळी. मेथीची भाजी नीट धुतली नाही तर घास मऊच असतो, पण दातांत कचकच होते. दातांना त्रास भाजीच्या कडकपणाचा नसतो, तिच्यातल्या वाळूचा असतो. या गुणाला आपण घासटपणा म्हणू: दगड हत्याराला किती घासून खातो.

तो बराचसा खनिजांच्या कठीणपणावर ठरतो. मोहसच्या एक ते दहाच्या पट्टीवर चुनखडीतलं कॅल्साइट तीनवर, चांगलं पोलाद साडेपाच-सहाच्या आसपास, आणि गारगोटी, म्हणजे क्वार्ट्झ, सातवर. गारगोटी पोलादावर ओरखडा काढते, उलट होत नाही. टंगस्टन कार्बाइड गारगोटीपेक्षाही कठीण आहे, पण बटण म्हणजे एकसंध कार्बाइड नसतं. कार्बाइडचे बारीक कण कोबाल्ट धातूच्या लेपाने सांधलेले असतात. ठोके, घर्षण आणि उष्णता यांत मधला मऊ कोबाल्ट आधी जातो, मग कण सुटतात. भिंतीतला चुना निघून गेला की विटा आपोआप ढिल्या होतात, तसं.

आता आपल्या पायाखालचा दगड बघू. महाराष्ट्राचा बहुतेक भाग साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या थरांनी बनलाय. भाकऱ्यांची चवड रचावी तसे थर. प्रत्येक थराचा मधला भाग भरीव काळा, वरचा भाग वायूच्या बुडबुड्यांनी सच्छिद्र झालेला, ज्याला विहिरी खोदणारे मांजऱ्या म्हणतात. दोन थरांच्या मध्ये बऱ्याच ठिकाणी गेरूसारखा तांबडा पट्टा.

काळ्या पाषाणात मुख्यतः फेल्डस्पार आणि पायरोक्सिन ही खनिजं, गारगोटी जवळपास नाहीच. म्हणून तो ताकदीने दांडगा, पण त्याच ताकदीच्या ग्रॅनाइटइतकी बटणं खात नाही. मांजऱ्या उलटा. तो फुटतो पटकन, बोअर झपाझप जातो, सगळे खूश. पण त्याच्या पोकळ्या कोट्यवधी वर्षांत नंतरच्या खनिजांनी भरल्यात. कुठे मऊ झिओलाइट, तर कुठे गारगोटी नि तिच्याच जातीचं कॅल्सेडनी. सिन्नरच्या 'गारगोटी' संग्रहालयात काचेमागे झळकणारे ते सुंदर स्फटिक बिटच्या दृष्टीने मेथीतली वाळू आहेत. पहिल्या घरच्या बोअरला मांजऱ्या लागला असेल तर दोनशे फूट भरभर गेले, आणि त्याच दोनशे फुटांत बटणांची गोलाई उडाली. मग तेच बिट काकांच्या काळ्या पाषाणावर लागलं. फसवणूक कुणी केली नसेलही. बिट मात्र आधीच थकलेलं असण्याची शक्यता मोठी.

हे आधी मोजता येतं का?

येतं, आणि मोजण्याची पद्धत बघून हसू येईल इतकी साधी आहे. नॉर्वे हा बोगद्यांचा देश. तिथल्या ट्रॉन्डहाइमच्या अभियंत्यांनी १९६० च्या दशकाच्या आगेमागे जी चाचणी बसवली, ती आजही जगभर वापरतात. दगडाची ठरावीक मापाची खडी एका भांड्यात घ्यायची आणि तिच्यावर १४ किलोचं वजन वीस वेळा आपटायचं. त्यातली किती टक्के खडी फुटून चाळणीखाली गेली, तो झाला ठिसूळपणा. दुसऱ्या चाचणीत छोटं ड्रिल दगडावर ठेवून २०० फेरे द्यायचे आणि किती खोल गेलं ते मिलिमीटरच्या दहाव्या भागात मोजायचं. या दोहोंवरून मिळतो ड्रिलिंग रेट इंडेक्स. तो तिशीखाली असेल तर काम रखडणार, पन्नाशीच्या आसपास मध्यम, सत्तरीच्या वर मजेत.

झिजेसाठी तिसरी चाचणी. दगडाची पूड फिरत्या पोलादी तबकडीवर सोडत राहायची, तिच्यावर कार्बाइडचा तुकडा दाबून धरायचा, आणि पाच मिनिटांनी तो किती मिलिग्रॅम हलका झाला ते तोलायचं. वेगाला एक चाचणी-जोडी आणि झिजेला वेगळी, हे मुद्दाम केलंय. दोन प्रश्न निराळे आहेत, हे त्या अभियंत्यांना पक्कं ठाऊक होतं.

फ्रान्समधल्या कोळसा-खाणींच्या संशोधन केंद्रातून आलेली सेर्शार चाचणी आणखी सुटसुटीत. पोलादाची टोकदार सुई सात किलोच्या भाराखाली दगडावरून फक्त एक सेंटीमीटर ओढायची. मग सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं की टोक किती चपटं झालं. दर ०.१ मिलिमीटरला एक गुण. मऊ चुनखडीवर गुण एकच्या आसपास किंवा खालीच राहतो, गारगोटीने भरलेले दगड चारच्या पुढे जातात. एका सेंटीमीटरच्या ओरखड्यावर किलोमीटरभर बोगद्याचा हत्यारखर्च ठरतो, हे मला आजही जरा धाडसाचंच वाटतं.

पण मुठीएवढ्या तुकड्यावरून डोंगराचा अंदाज कसा बांधायचा?

हा आक्षेप रास्त आहे. मला तर तो सगळ्यात वजनदार वाटतो.

डोंगर म्हणजे एकसंध तुकडा नव्हे, तडे गेलेली भिंत आहे. दर वीतभर अंतरावर तडा असेल तर बोगदा-यंत्राचं काम निम्मं निसर्गानेच केलेलं असतं. त्याच तड्यांत बोअरचं बिट मात्र अडकतं, हवा तड्यांतून पळते, चुरा वर येत नाही, छिद्र वाकडं जातं. प्रयोगशाळेतल्या तुकड्यात तडा नसतो, कारण तडा असता तर तो तुकडा राहिलाच नसता.

यातच एक छुपी लबाडी आहे. कामाआधी डोंगरातून दगडाचे लांबट दंडगोल, म्हणजे कोअर, काढून पेटीत रांगेने ठेवतात. चाचणीला जातो तो सलग, देखणा तुकडा. जिथे दगड कुजलेला होता तिथून नुसता भुगा आलेला असतो, त्याची चाचणी करणार कशी? परीक्षेला फक्त हुशार मुलं बसवायची आणि वर्गाची सरासरी काढायची, असा हा प्रकार. म्हणून कोअरमधले दहा सेंटीमीटरहून लांब तुकडे एकूण लांबीच्या किती टक्के भरतात, तेही नोंदवतात, आणि तो आकडा चाचण्यांच्या आकड्यांशेजारी ठेवून वाचतात.

शिवाय खाली काय आहे हे वरून दिसत नाही. १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारीला ६१७ मीटर खोल छिद्र घेतलं, तिथे काळा पाषाण ३३८ मीटरवर संपला. कोयनेच्या परिसरात गोठणे इथे २०१७ मध्ये तीन किलोमीटर खोल छिद्र पूर्ण झालं, तिथे तो १,२४७ मीटरपर्यंत पुरला. त्याखाली दोन्हीकडे गारगोटी असलेला, ग्रॅनाइटच्या जातीचा प्राचीन खडक. त्या रेषेच्या वर बांधलेला झिजेचा अंदाज रेषेच्या खाली चालत नाही.

आणि नरम जमीन म्हणजे सोपं काम, हाही भ्रमच. कोकण रेल्वेने सह्याद्रीच्या काळ्या पाषाणातून साडेसहा किलोमीटरचा करबुडे बोगदा काढला. पण ज्या बोगद्यांनी सगळ्यांना रडवलं, त्यांत गोव्यातला पेडण्याचा बोगदा होता, जिथे चिकणमाती पुन्हा पुन्हा ढासळत राहिली. खोदण्याचा वेग तिथे प्रश्नच नव्हता. खोदलेलं उभं राहत नव्हतं.

अनुभवी माणसाला कळतंच की, मग एवढ्या चाचण्या कशाला?

कळतं. पाट्याला टाकी लावणारा कारागीर दगडावर हातोडी मारून आवाज ऐकतो. खणखणीत वाजला तर भरीव, बद्द वाजला तर आत तडा. बोर घाटाच्या रेल्वेसाठी १८५६ ते १८६३ या काळात २५ बोगदे काढले, तेव्हा सुरुंगाची भोकं हातानेच पाडली गेली. पहार कुठे धरावी आणि किती वेळाने तिला लोहाराकडे धाडावी, हे त्या मजुरांना आकड्यांशिवाय उमगत असणार.

अनुभव म्हणजे डोक्यात साठवलेली आकडेवारीच. एकाच तालुक्यात वीस वर्षं बोअर मारणाऱ्याचा अंदाज तिथे प्रयोगशाळेहून सरस ठरेल. पण त्याला सिंधुदुर्गातल्या क्वार्टझाइटवर, म्हणजे गारगोटीच्याच खडकावर, नेलं तर तो अनुभव उपयोगी पडत नाही. चाचणीचा आकडा मात्र नॉर्वेतही तोच अर्थ सांगतो.

मळणीतला कडेचा बैल

झीज सगळ्या बटणांची सारखी होत नाही. जुन्या मळणीत खळ्यातल्या खांबाभोवती, म्हणजे तिवड्याभोवती, बैलांची पात फिरायची. आतला बैल जागच्या जागी वळतो, कडेच्या बैलाची तंगडतोड होते. बिटचंही तेच. कडेची बटणं प्रत्येक फेऱ्यात सर्वांत जास्त अंतर घासतात आणि छिद्राच्या भिंतीशीही झुंजतात. ती झिजली की साडेसहा इंची बिट हळूहळू बारीक होतं आणि छिद्र खाली निमुळतं होत जातं. मग मध्येच नवंकोरं, पूर्ण मापाचं बिट सोडलं तर ते त्या निमुळत्या भागात पाचरीसारखं अडकतं. म्हणून शहाणा गाडीवाला खोल जाताना अर्धं वापरलेलं, किंचित लहान झालेलं बिट बाजूला ठेवून देतो. काकांना ते 'जुनं बिट' दिसतं आणि पुन्हा संशय येतो!

झीज वेगालाही खाते. गोलाई असलेल्या बटणाचा स्पर्श लहान जागेवर होतो, म्हणून दाब मोठा. चपटं झालेलं बटण तोच ठोका मोठ्या जागेवर पसरवतं, कपच्या कमी आणि भुकटी जास्त. त्यामुळे वेगाचा कोणताही अंदाज वाचताना पहिलं विचारावं, की हा वेग कोऱ्या बिटचा की शंभर मीटर चाललेल्या? घाई करून जास्त दाब द्यावा तर बटणं तुटतात, कमी द्यावा तर हॅमर स्वतःलाच बडवत राहतो. वेळेवर ग्राइंडरवर धार लावली तर बिट दुप्पट नाही, पण बरंच जास्त चालतं, आणि हेच काम बहुतेक वेळा उद्यावर ढकललं जातं.

मग बोगद्याचं काम ठरल्या वेळेत का होत नाही?

कारण कागदावरचा वेग आणि महिन्याची प्रगती या दोन गोष्टी आहेत. एसटी रस्त्यावर साठच्या वेगाने धावते, म्हणून ३०० किलोमीटरचा प्रवास पाच तासांत होत नाही. थांबे आहेत, चहा आहे, पंक्चर आहे. बोगदा-यंत्राच्या तोंडावर पोलादी चकत्या असतात. १७ इंची चकती साधारण २५ टनांच्या दाबाने दगडावर फिरते. ती झिजली की यंत्र थांबवून माणसांना पुढे जाऊन ती बदलावी लागते. आधार बसवणं, मलबा काढणं, देखभाल हे सगळं धरलं तर बऱ्याच कामांत यंत्र प्रत्यक्ष खोदतं तो वेळ निम्म्याहून कमी असतो. म्हणजे झिजेचा अंदाज चुकला तर नुसत्या चकत्यांचा खर्च वाढत नाही, थांबे वाढतात. बातम्यांत येणाऱ्या 'कठीण खडकामुळे विलंब' या वाक्यामागे पुष्कळदा हेच असतं.

आता एआय सगळं सांगेल ना?

काही प्रमाणात सांगू लागलंय. आधुनिक यंत्रं खोदतानाच दाब, फेरे, वेग अशा नोंदी सतत करतात, आणि त्या नोंदींवर शिकवलेली प्रणाली पुढच्या काही मीटरांचा अंदाज जुन्या सूत्रांपेक्षा चांगला देऊ शकते. पण तिचाही स्वभाव त्या तालुक्यातल्या गाडीवाल्यासारखाच: पाहिलेल्या दगडात हुशार, न पाहिलेल्यात आत्मविश्वासाने चूक. मुंबईच्या पोटात काळ्या पाषाणाशेजारी ज्वालामुखीच्या राखेचा खडक, टोकदार तुकडे सांधून बनलेला ओबडधोबड ब्रेशिया आणि शेलचे, म्हणजे चिखल घट्ट होऊन बनलेल्या खडकाचे, थर आहेत. फक्त पाषाणावर शिकलेली प्रणाली शेलमध्ये शिरली तर आकडा देईल, आणि तो आकडा दोन दशांश स्थळांपर्यंत नेटका दिसेल. आकडा सांगताना सोबत 'किती चुकू शकतो' हेही सांगणारा अभियंता मला अधिक विश्वासाचा वाटतो.

खोली वाढली की दर का वाढतो?

काकांचा शेवटचा प्रश्न हा होता, आणि तोही लबाडीचा भाग नव्हता. खाली जाल तसा रॉड जोडण्या-काढण्यात वेळ जातो, चुरा लांबून वर उचलावा लागतो. आणि पाणी लागलं तर छिद्रात उभा राहिलेला पाण्याचा स्तंभ हॅमरच्या हवेवर उलटा दाब देतो, ठोका हलका पडतो. दर दहा मीटर पाण्याला साधारण एक मेगापास्कलचा दहावा भाग. कॉम्प्रेसर त्याच दाबाचा राहिला तर वेग घटणारच.

गाडीवाल्याचे कान त्या रात्री यंत्रापेक्षा आवाजाकडेच होते. काळ्या पाषाणात ठोके एकसुरी, टणक पडतात. आमच्याकडे पाणी साठतं ते तड्यांत, मांजऱ्यात आणि दोन थरांच्या सांध्यावर, म्हणजे जिथे बिट अचानक सैल पळतं नेमकं तिथे. दुसऱ्या दिवशी दुपारी एकशे नव्वद फुटांच्या सुमारास आवाज बदलला, चुरा तांबूस आला, मग ओला. गाडीवाल्याने हात वर केला. काका खुर्चीवरून उठले, ढिगातला चिमूटभर गाळ तळहातावर घेऊन बोटाने चोळून पाहिला, आणि पहिल्यांदाच बिट कितीचं येतं ते विचारलं.